अण्णांची रोजची ऑर्डर

ऑनलाइन विक्रीच्या त्या बलाढ्य कंपनीत चिमीचं काम मोठं नाजूक होतं. धंद्यातून हवेत जाणारा कार्बन कमी करत करत एक दिवस शून्यावर आणू, असं वचन कंपनीने जगाला देऊन टाकलं होतं. वचन दिलं साहेबांनी. ते पाळलं जातंय असं वाटायला लावणारी वाक्यं लिहायची चिमीने. घरात ती चिमी, ऑफिसात मॅडम. पंचाईत अशी, की एका पार्सलमागचा धूर दरवर्षी घटत होता, पण पार्सलंच इतकी उतू जात होती की एकूण धूर वाढतच चालला होता. साहेब म्हणायचे, "आपण एका पार्सलचं बोलू. एकूणाचं कुणी विचारलंच तर बघू."

यंदा तिने हट्टाने एक नवं वाक्य घुसवलं: विनाकारण फेरी एकही नाही. साहेबांना ते इतकं आवडलं, की त्यांनी ते जगजाहीर केलं. मग मात्र चिमीच्या लक्षात आलं, की फेऱ्या कशा होतात हे तिने आजवर डोळ्यांनी पाहिलंच नव्हतं. म्हणून एका सकाळी ती कंपनीच्या नव्या विजेच्या गाडीत डिलिव्हरीवाल्याशेजारी जाऊन बसली.

डिलिव्हरीवाला मिशीतल्या मिशीत हसणारा, गप्पिष्ट माणूस. "एक बाई एकच बूट तीन मापांत मागवतात," तो सांगत होता. "दोन परत. आता पाय काय रोज वाढतो का, मॅडम?"

बोलता बोलता गाडी ओळखीच्या गल्लीत वळली आणि थेट चिमीच्या माहेरच्या इमारतीसमोर थांबली.

"इथे जरा वेळ लागतो," तो म्हणाला. "वर एक काका आहेत. रोज काहीतरी मागवतात आणि कालचं परत देतात. काल टॉर्च होता. आज तो घ्यायचा आणि गाळणी द्यायची."

"काका कुठल्या मजल्यावर?" चिमीने विचारलं, पण तिला ते कळून चुकलं होतं.

बेल वाजायच्या आतच दार उघडलं. इस्त्रीचा शर्ट, नीट भांग, टेबलावर मांडलेला बुद्धिबळाचा पट. "ये, ये. आज तुझा वजीर गेला म्हणून समज," असं म्हणत अण्णा पुढे आले आणि लेकीला पाहून जागच्या जागी थबकले.

"तू? आज कामावर नाहीस?"

"कामावरच आहे, अण्णा. गाळणी कशाला मागवलीत?"

"जुनी खराब झाली."

"मग उद्या नवी परत का जाणार?"

डिलिव्हरीवाला छताकडे बघू लागला.

"खालचे माझे जोडीदार मुलाकडे राहायला गेले," अण्णा शेवटी म्हणाले. "डाव अर्धवट राहिला. हा एक दिवस पार्सल घेऊन आला, पट बघितला आणि उभ्याउभ्या प्यादं सरकवून गेला. मग दुसऱ्या दिवशी त्याला बोलवायचं कसं? आणि गाडी तर तुमची विजेची. धूर कुठे येतो तिच्यातून?"

"वीज कशातून येते? शिवाय खोका, गोदाम, परतीची धावपळ. आणि परत गेलेल्या कितीतरी वस्तू सरळ टाकून देतात, अण्णा."

"नव्या कोऱ्या?" अण्णांचा चेहरा पडला.

"तपासत बसायला परवडत नाही, काका," डिलिव्हरीवाला म्हणाला.

"हे तुमच्या वचनात लिहिलंय का गं?"

नाक मुठीत धरून चिमी खुर्चीवर टेकली. तेवढ्यात डिलिव्हरीवाला हळूच म्हणाला, की काकांचं सोडा, या इमारतीत निम्मी दारं बंद असतात आणि त्या पार्सलांसाठी मला पुन्हा पुन्हा यावं लागतं. ते ऐकून चिमीने मान वर केली.

"सगळ्यांची पार्सलं अण्णांकडेच ठेवली तर?"

अण्णांनी आढेवेढे घेतले, पण दोन वाक्यांपुरतेच.

महिन्याभरात अण्णांच्या बैठकीची पेढी झाली. शेजारी संध्याकाळी पार्सल न्यायला येत, आणि परत करायचं असेल तर कारण अण्णांच्या तोंडावर सांगावं लागे. पडद्यांचा रंग मनासारखा नाही म्हणणाऱ्या बाईंना त्यांनी विचारलं, "मागवताना डोळे मिटले होते का?" परतीचा माल आटला. लोक एकमेकांकडून शिडी, ड्रिल, इस्त्री मागून नेऊ लागले.

साहेबांनी चिमीला बोलावलं. "फेऱ्या घटल्या, उत्तम. पण तिथली विक्रीही घटलीय. हे गृहस्थ लोकांना सांगतात तरी काय?"

"आपलंच वाक्य, साहेब. जरा जोरात."

साहेबांनी अण्णांकडे पार्सलं ठेवायची सोय बंद केली. चिमीने त्या वर्षीच्या अहवालात एकूण धुराचा आकडा पहिल्याच पानावर लिहिला. तो खोडला जाईल हे ठाऊक असूनही लिहिला. खोडला गेलाच. पण त्याआधी तो भागधारकांपैकी कुणीतरी वाचला होता, आणि भरसभेत साहेबांना त्याबद्दल विचारलं गेलं.

इमारतीतल्या लोकांनी मात्र अण्णांचं दार काही सोडलं नाही. पत्ता म्हणून सगळे अण्णांच्याच घराचा नंबर घालू लागले. त्याला कंपनी काय करणार? रविवारी चिमी माहेरी गेली, तर डिलिव्हरीवाला साध्या कपड्यांत, बायकोला घेऊन, चालत आलेला. हातात काहीच नव्हतं. अण्णा हरत होते आणि ते मुळीच मान्य करत नव्हते.

"बस गं," ते पटावरून नजर न काढता म्हणाले, "आणि त्याला काही सुचवू नकोस."