मास्तरांनी निवडलेला शब्द

मास्तरांना आपल्या इंग्रजीचा भारी तोरा. खासगी क्लासात तीस वर्षं क्रियापदं घोटून घेतली, पेन्शन शून्य, पण गल्लीत कुणी चुकीचं इंग्रजी बोललं की अजूनही यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या.

मुलगा जाऊन सहा वर्षं झाली होती. घर सून चालवायची. औषधांच्या कारखान्यात आठ तास उभं राहून बाटल्यांवरची लेबलं तपासायची, जाता-येता दोन-दोन बस बदलायची आणि घरी आल्यावर सुजलेले पाय बादलीत सोडून आधी विचारायची, "बाबा, गोळ्या घेतल्या ना?"

आता कारखान्याच्या मागेच कंपनीची दोन खोल्यांची क्वार्टर रिकामी झाली होती. मिळणार कुणाला, तर ज्या कामगारावर घरातलं वडीलधारं माणूस अवलंबून आहे त्याला. त्यासाठी त्या वडीलधाऱ्यानं स्वतःच्या हातानं इंग्रजीत एक ओळ लिहून द्यायची, की माझा खर्च कोण बघतं. एवढंच!

"तुमच्या डाव्या हातचा मळ, बाबा," सून म्हणाली आणि भाजी चिरायला बसली.

आता सरळ सपोर्ट लिहून मोकळं व्हायचं की नाही? छे! सपोर्ट लिहायला पेन टेकवलं आणि हात अडला. म्हणजे आपण हिच्या जिवावर जगतो हे कागदावर उतरणार, शिक्क्यासकट. हेल्प लिहावं, तर फारच किरकोळ. असिस्ट म्हणजे हाताखालचं माणूस. शेवटी कॉन्ट्रिब्यूट सापडला आणि मास्तरांचा चेहरा खुलला. माझी सून माझ्या खर्चात कॉन्ट्रिब्यूट करते. काय भारदस्त वाक्य! लेबलांवरच्या तारखा आणि आकडे सोडले तर सुनेला इंग्रजी येत नव्हतं. तिनं डोळे झाकून खाली सही केली.

आठ दिवसांनी दोघांना ऑफिसातून बोलावणं आलं. तिथल्या मॅडम तरुण होत्या, पण कागद वाचायला पक्क्या.

"आजोबा, इथं कॉन्ट्रिब्यूट लिहिलंय. म्हणजे यांचा फक्त वाटा. मग बाकीचं कोण देतं?"

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. हाच प्रश्न त्यांनी वर्गात हजारदा विचारला होता. कॉन्ट्रिब्यूट म्हणता, मग आणखी देणारे कोण, सांगा! ज्याला सांगता यायचं नाही त्याचा कान पिळायचे.

"दुसरी मिळकत असेल तर क्वार्टर यादीतल्या पुढच्या माणसाला जाते," मॅडम म्हणाल्या.

सून एकदा सासऱ्याकडे बघून घाईघाईनं बोलली, "बाबांनी लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार, मॅडम. त्यांचं इंग्रजी चुकत नाही. असेल त्यांची काहीतरी शिल्लक, मी कधी विचारलं नाही. नाही मिळाली क्वार्टर तर राहू दे. बसची सवय आहे मला."

अरे देवा! सहा वर्षांत तिनं ठेवलेल्या नोटा सोडून या माणसाच्या खिशात दमडी नव्हती, हे तिला ठाऊक नव्हतं होय? चांगलं ठाऊक होतं. सासऱ्याची अब्रू झाकायला बाई हाताशी आलेलं घर सोडून देत होती. धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं मास्तरांना झालं. एवढी लाज त्यांना जन्मात कधी वाटली नव्हती.

"कोणी देत नाही," ते म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की मॅडमना पुन्हा विचारावं लागलं. "दुसरं कोणी देत नाही, मॅडम. मी खोटं लिहिलं. कोरा कागद द्या."

वाक्य छोटंसंच होतं, तरी अक्षर वाकडं आलं. खाली सुनेची सही हवी होती. तिनं पेन घेतलं, पण या वेळी थांबली.

"बाबा, काय लिहिलंय?"

मॅडम ऐकत होत्या. शेजारच्या टेबलावरच्या कारकुनानंही मान वर केली.

"लिहिलंय," मास्तर खाली बघत म्हणाले, "की तू मला पोसतेस."

"अहो, असं काय लिहायचं!" तिचे डोळे भरून आले. "मी कोण तुम्हाला पोसणारी? खोडा ते, बाबा. दुसरा एखादा चांगला शब्द लिहा."

"चांगला शब्द मागच्या वेळी लिहिला होता, पोरी," मास्तर म्हणाले. "सही कर."