भरलेलं कोठार

मित्रांनो, मी एका शिंप्याचं जुनं यकृत आहे. उजव्या बरगड्यांखाली, अंधारात माझा जन्म गेला. हृदयावर लोक गाणी लिहितात. आमची आठवण दुखणं आल्यावर. असो, नशीब एकेकाचं!

माझ्याकडे कामं ढीगभर, पण एक फार नाजूक होतं, लोहाची राखण. शरीराला लोह हवं, पण बेताचं. जास्तीचं बाहेर टाकायला शरीराकडे धड वाटच नाही. म्हणून साठा पुरेसा झाला, की यकृताने हेप्सिडिन नावाचं संप्रेरक रक्तात सोडायचं. ते आतड्यांना बजावतं, "बास, आता दारं लावा." साठा घटला की यकृताने गप्प बसायचं, मग दारं उघडतात.

माझी जडणघडणच सदोष. कोठार भरलं तरी मला कळेना. निरोप जायचा तो तुटपुंजा. दारं उघडीच राहिली आणि जेवणातलं लोह वर्षानुवर्षं माझ्या अंगात साचत गेलं.

चाळिशी उलटल्यावर मालक थकू लागले. बोटांचे सांधे असे दुखत, की कात्री धरवेना. त्यांची बायको हवालदिल झाली.

"अंगात रक्त नाही तुमच्या. निमूट घ्या हे," म्हणत ती लोहाचं टॉनिक पाजायची. बाळंतपणानंतर त्याच टॉनिकने ती स्वतः उभी राहिली होती ना! बिचारी जीव ओतून करत होती आणि चमच्याचमच्याने माझं ओझं वाढत होतं. मला ओरडता आलं असतं तर!

पोटात पाणी झालं, तेव्हा कुठे तपासणी झाली.

"रक्त कमी नाही, लोह अति झालंय. यकृत पार कडक झालंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दोष जन्मजात आहे. भावंडांनाही तपासा."

बायको कळवळली. "मीच पाजलं हो!"

"तुला काय ठाऊक होतं?" मालक एवढंच म्हणाले.

धाकटा भाऊ भेटायला आला. "मला काय धाड भरलीय, दादा? जरा थकवा येतो, इतकंच."

जन्मात आवाज न चढवलेले मालक उठून बसले. "रक्त तपासल्याशिवाय माझ्या मयतालाही येऊ नकोस!"

भाऊ तपासणीला गेला. त्याचंही लोह वाढलेलंच निघालं, पण वेळेत. आता मधूनमधून त्याचं रक्त काढतात; नवं रक्त बनवायला साठ्यातलं लोह लागतं, म्हणून साठा उतरतो.

मित्रांनो, थकवा म्हणजे रक्त कमीच, असं नसतं. मनाने औषध घेऊ नका, आधी तपासून घ्या. माझा आता काही भरवसा नाही. पण त्या भावाच्या बरगड्यांखाली माझ्यासारखंच एक यकृत अजून मऊ आहे. त्याला तरी जपा.