पोचल्याचा फोन

शिवगंगाबाईंनी नवऱ्याचं नाव कधी तोंडानं घेतलं नाही. लग्नात बायकांनी दार अडवलं तेव्हाही "सरका बाजूला, मी काय शाळेत हजेरी द्यायला आले का," असं सुनावून त्या तशाच आत गेल्या होत्या. पण मागच्या श्रावणात चंद्रप्पा गेले, लिंगैक्य झाले, आणि तेव्हापासून रोज सकाळी त्या ते नाव डोळ्यांनी घ्यायला लागल्या.

त्यांची लातुरात पार्सलच्या टेंपोंची लाईन होती. ऑफिसच्या मागच्या खोलीत लिनक्सची एक जुनी मशीन. चाकूर, जळकोट, नांदेडच्या काउंटरवरची माणसं तिकडं बसूनच, आपापल्या नावानं, या एकाच मशीनवर काम करायची. सकाळी मल्लिनाथ, त्यांचा लेक, काळ्या पडद्यावर एक ओळ टाकायचा आणि मशीनवर कोण कोण बसलंय ते खाली उमटायचं. सगळ्यात वर चंद्रप्पा. शिवगंगाबाईंची शाळा दुसरीतच सुटली होती, इंग्रजी तर लांबच. पण त्या शब्दाचा आकार त्यांना पाठ होता. शेवटाकडं दोन सारखी अक्षरं खांद्याला खांदा लावून उभी, जोडीच्या बैलांसारखी. ती दिसली की त्या पडद्याच्या कडेला विभूतीचं बोट लावायच्या आणि खुर्चीत बसायच्या. मग दिवस सुरू.

चंद्रप्पांची एक रीत होती. टेंपो कुठल्याही गावचा असो, फेरी त्यांच्याच नावानं सुटायची. सून मंजुश्री कॉम्प्युटर शिकलेली. कामाचा प्रोग्राम तिनंच लिहिला. तेव्हा सासऱ्यांनी तिला बजावून सांगितलं होतं, "काउंटरवाल्यांनी माल चढवावा, पावती फाडावी, पण गाडी सोडायची ती माझ्या खिडकीतनं." खिडकी म्हणजे मशीनवरची त्यांची जागा. ते गेल्यावर मंजुश्री ती खिडकी बंद करून मल्लिनाथच्या नावानं नवी उघडायला निघाली, तर शिवगंगाबाई आडव्या आल्या.

"उठवू नको त्यांना."

"अत्याबाई, अप्पा आता..."

"मला ठाऊक हाय कुठं हायत ते. मी मूठमाती दिलीय. मशीनवरनं उठवू नको म्हणले."

तेव्हापासून खिडकी चालूच. लाईट गेली तर मशीन पडू नये म्हणून शिवगंगाबाईंनी दुसरी बॅटरी बसवून घेतली. गाड्या चंद्रप्पांच्या नावानं सुटत राहिल्या. गल्लीतल्या बायका "मालक गेल्यावर कसं चाललंय" असं विचारायच्या, तेव्हा त्या म्हणायच्या, "मालक हायत तिथंच हायत."

दिवाळीच्या तोंडावर पहिल्यांदा काम अडलं. जळकोटहून फोन, चाकूरहून फोन. गाडी भरून उभी आणि फेरी उघडंना. पडद्यावर एकच ओळ. मल्लिनाथनं वाचून दाखवलं, "टू मेनी ओपन फाइल्स."

"म्हंजे?"

"लई फायली उघड्या हायत म्हणतंय, अव्वा."

मंजुश्रीनं बघितलं, काहीतरी केलं आणि गाड्या सुटल्या. संक्रांतीला पुन्हा तेच. तिसऱ्यांदा झालं ते हरभऱ्याच्या पोत्यांच्या गर्दीत, भर ऑफिसात, गिऱ्हाईक काउंटरला टेकून उभं असताना.

मंजुश्री खुर्ची वळवून म्हणाली, "अत्याबाई, एका खिडकीनं एका वेळी किती फायली उघड्या धरायच्या, त्याला मशीन हद्द घालती. अप्पांच्या खिडकीची हद्द भरलीय."

"मग वाढव."

"दिवाळीत वाढवली. संक्रांतीला वाढवली. आज वाढवली तर पुन्हा भरंल. दुखणं हद्दीचं न्हाई. फेरी सुटली की फायल उघडती, पोचली की मिटायला पाहिजे. हितं मिटतच न्हाईत. मिटवायचा शब्द अप्पांनी स्वतःजवळ ठेवला होता, कुणाला सांगितला न्हाई. आता ती खिडकीच बंद करायला पाहिजे, म्हंजे सगळ्या एकदम मिटतील. नवी दुसऱ्या कुणाच्या नावानं उघडू."

शिवगंगाबाईंना त्यातलं अर्धं कळलं. कळलं तेवढं पुरेसं होतं.

"ज्यांनी तुला खुर्ची दिली त्यांनाच उठवायला निघालीस होय गं? नांदेडात हेच शिकवतात का? घर आमचं, गाड्या आमच्या, आन् हद्द तू सांगणार?"

काउंटरवरचं गिऱ्हाईक पावतीकडं बघायला लागलं. मल्लिनाथ पंख्याकडं. मंजुश्री वळली, हद्द वाढवली, गाड्या सोडल्या आणि संध्याकाळी आपली बॅग भरली. तिच्या माहेरगावी, नांदेडला, एका कॉलेजात कॉम्प्युटरच्या लॅबवर जागा होती. तिनं ती आधी नको म्हणून सांगितलं होतं. आता हो म्हणाली. जाताना सासूच्या पाया पडली. शिवगंगाबाईंनी डोक्यावर हात ठेवला, पण पाय असे आखडून घेतले की जणू धूळ लागेल.

"जाऊ दे. चार दिवसांनी येती बघ," त्या मल्लिनाथला म्हणाल्या.

चार दिवस कधीच उलटले. मल्लिनाथ रविवारी नांदेडला जायचा, सोमवारी पहिल्या गाडीनं यायचा आणि विचारल्याशिवाय काही सांगायचा नाही. त्या विचारायच्या नाहीत.

मग उन्हाळा चढला आणि मशीन पुन्हा अडली. मल्लिनाथनं कुठंतरी वाचून सेटिंगच्या फायलीत नवी मोठी हद्द लिहिली. काही झालं नाही. पुन्हा लिहिली. शेवटी कपाळ पुसत म्हणाला, "अव्वा, नवी हद्द नव्यानं उघडणाऱ्यालाच लागती. आधीपासून चालू हाय त्याला न्हाई. अप्पांची खिडकी मी तरी मिटवणार न्हाई, आन् चालू खिडकीची हद्द कशी वाढवायची ते तिलाच येतंय."

"मग इचार तिला."

"तूच इचार की."

लेकाच्या तोंडून असं पहिल्यांदाच आलं. शिवगंगाबाईंनी त्याला शिव्या द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी धपाटे बांधून त्या व्यंकटच्या टेंपोत पुढच्या सीटवर चढल्या.

व्यंकट त्यांचा सगळ्यात जुना ड्रायव्हर. चाकूर मागं पडलं तसा त्यानं वेग कमी केला. मग म्हणाला, "माय, मालक असते तर आतापस्तोर दोन फोन झाले असते."

"कशाचे?"

"हेच की. कुठं हाईस, चहा पिला का, टायर बघितला का. आन् पोचल्यावर तर फोन केल्याबिगर आमी डबाच उघडत नव्हतो. 'मालक, पोचलो.' तिकडनं म्हणायचे, 'बरं, जेव.' बस. तेवढंच."

"मग आता का करत न्हाईस?"

व्यंकटनं गिअर बदलला. "ते गेल्यावर एकदोनदा केला की. मालकाचाच नंबर, तुम्हीच उचलला. म्हणलो पोचलो. तुम्ही म्हणला, पोचला तर पोचला, त्यासाठी पगार घेतोस. कामाचं असंल तर बोल."

शिवगंगाबाईंना ते आठवत होतं. बारीकसारीक सगळं. तेव्हा त्या फोनचा त्यांना राग यायचा, कारण मोबाईल वाजला की क्षणभर वाटायचं, हेच असतील. आणि उचलला की व्यंकट.

"असं म्हणले होते व्हय मी," त्या म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघत बसल्या.

नांदेडात मंजुश्रीची खोली कॉलेजजवळच्या एका गल्लीत, वरच्या मजल्यावर होती. दार उघडलं तेव्हा तिच्या हाताला पीठ होतं. ती दचकली, मग बाजूला झाली. शिवगंगाबाईंनी खोली बघून घेतली. एक माणूस राहतं असं दिसत होतं. ताट एक, वाटी एक. मल्लिनाथचा शर्ट मात्र खुंटीला होता.

"जेवलीस का?" त्या म्हणाल्या. या एका वाक्यात त्यांना बरंच काही म्हणायचं होतं. ते एवढ्यात बसलं नाही.

"जेवते की. तुम्ही बसा."

"धपाटे आणलेत. गार झाले असतील. मशीन अडलीय."

मंजुश्री जराशी हसली. "ह्यांचा फोन आला होता, अव्वाच इचारंल म्हणाले. मला वाटलं, तुम्ही त्यांनाच पाठवाल."

"त्याला काय येतंय? हद्द वाढव तेवढी. लगेच निघते."

मंजुश्रीनं हात धुतले, लॅपटॉप उघडला आणि तिथूनच लातूरच्या मशीनवर गेली. तोच काळा पडदा. तेच नाव वर. शिवगंगाबाईंचं बोट विभूतीसाठी कपाळाकडं गेलं.

"वाढवते. ते सोपं हाय," मंजुश्री म्हणाली. "त्याच्या आधी एक बघा. त्या दिवशी दाखवणार होते, पण ऑफिसात लोक होते."

तिनं एक ओळ टाकली आणि पडदा खालून वर सरकायला लागला. ओळीमागून ओळ, थांबेच ना.

"ह्या सगळ्या अप्पांच्या खिडकीत उघड्या असलेल्या फायली. एकेक फेरी. वाचू?"

शिवगंगाबाई पडद्याजवळ सरकल्या. मंजुश्री वाचत गेली. व्यंकट, जळकोट, पोळ्याच्या आदल्या दिवशीची. आनंदराज, नांदेड, दसऱ्याची. पुन्हा व्यंकट, चाकूर. मलप्पा, जळकोट, पावसात पूल बंद होता ती. प्रत्येक ओळीच्या शेवटी तोच शब्द.

"तो शेवटचा शब्द काय हाय?"

"रस्त्यावर." मंजुश्री थांबली. "अप्पा असताना गाडी पोचली की ड्रायव्हरचा फोन यायचा. त्यांनी कानानं ऐकल्याबिगर फेरी मिटवायची न्हाई, असं त्यांनी माझ्याकडून लिहून घेतलं होतं. ते गेल्यावर गाड्या त्यांच्या नावानं सुटत राहिल्या. पोचल्या म्हणून ऐकायला कुणी न्हाई. एवढी सगळी माणसं मशीनच्या हिशेबानं अजून रस्त्यावरच हायत, अत्याबाई."

गल्लीत कुणीतरी नळाला पाइप जोडत होतं. शिवगंगाबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. मलप्पाची ती फेरी त्यांना आठवली. त्या पावसात त्याची बायको ऑफिसात येऊन बसली होती. चहा पाजला होता तिला. गाडी पोचली का, हे मात्र मलप्पाला कुणी विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो कामावर आला, तेव्हा कळलं.

नाव त्यांनी जपलं होतं. त्या नावानं जे काम व्हायचं, ते त्यांच्या हातून पहिल्या आठवड्यातच सुटलं होतं.

"मिटव," त्या म्हणाल्या.

"नक्की?"

"पुन्हा पुन्हा इचारू नको. मला जमायचं न्हाई."

मंजुश्रीनं ओळ लिहिली आणि मधेच थांबली. "हितं नाव घालावं लागतं. कुणाची खिडकी मिटवायची त्याचं." मग खालच्या आवाजात, "मी घालू?"

शिवगंगाबाईंनी लॅपटॉप आपल्याकडं ओढला. कुठली अक्षरं ते त्यांना ठाऊक होतं, पण ती बटणांच्या पाटीवर कुठं कुठं आहेत ते नव्हतं. मंजुश्री बोट दाखवत गेली, त्या दाबत गेल्या. दोन सारखी अक्षरं आली तेव्हा त्यांनी एकच बटण दोनदा दाबलं आणि जरा वेळ तिथंच राहिल्या. मग उरलेलं एक.

यादी पुन्हा आली. वरची जागा दुसऱ्याच कुणाची होती. जळकोटचा काउंटर असेल.

"आता तुझ्या नावानं उघड," शिवगंगाबाई म्हणाल्या.

मंजुश्रीनं मान हलवली. "मी हितं असते, अत्याबाई. गाड्या तिथं. ज्याच्या नावानं सुटतील, त्यानं फोन घ्यायला पाहिजे. तुमच्या नावानं उघडते."

"तू येणार न्हाईस म्हण की सरळ."

"कॉलेजचं वर्ष हाय. मुलं हायत शिकायला." ती की-बोर्डकडं बघत होती. "आन् खरं सांगू का? हितं मला कुणी काही बोललं तर पंख्याकडं बघून गप बसणारं कुणी न्हाई. ह्यांनाही मी तेच सांगितलंय."

शिवगंगाबाईंना उत्तर सुचलं होतं. एक सोडून तीन सुचली होती. आयुष्यभर त्यांना उत्तरं सुचत आली होती. त्यांनी धपाट्यांचा डबा मंजुश्रीकडं सरकवला.

निघताना मंजुश्री पाया पडली. या वेळी शिवगंगाबाईंनी पाय आखडले नाहीत. उलट, वाकलेल्या पाठीवर हात तसाच ठेवला, जरा जास्तच वेळ. मंजुश्री थोडं थांबून उठली.

परतीच्या रस्त्यात व्यंकटला त्या म्हणाल्या, "पोचलास की फोन कर."

"माय, तुम्ही तर माझ्याच गाडीत बसलात."

"उद्यापासून म्हणते. आन् मलप्पाला, आनंदराजला पण सांग. मी उचलंन."

लातूर आलं तेव्हा दिवे लागत होते. मल्लिनाथ ऑफिसच्या पायरीवर उभा होता. त्यानं आईच्या मागं टेंपोत बघितलं; आत दुसरं कुणी नव्हतं. पिशवी घेतली आणि आत गेला. शिवगंगाबाई खुर्चीत बसल्या. पडद्यावर यादी होती, आणि सगळ्यात वर एक नवा शब्द. कुणी वाचून दाखवायची गरज नव्हती.

मोबाईल वाजला. त्यांना वाटलं जळकोटचा काउंटर. उचलला.

"पोचलात का, अत्याबाई?"

त्यांना एकदम ती संध्याकाळ आठवली. मंजुश्री बॅग घेऊन नांदेडच्या गाडीत चढली होती. बाहेर अंधार पडत होता. मल्लिनाथ रात्री उशिरापर्यंत मोबाईल हातात धरून बसला होता. आणि त्या त्याला म्हणाल्या होत्या, झोप आता, पोचली असंल. आजपर्यंत त्यांनी तिला ते एकदाही विचारलं नव्हतं. आता विचारायला तोंड उघडलं, पण एवढ्या महिन्यांनी ते कसं विचारतात, हे त्यांना सुचेना.

"हाव," त्या म्हणाल्या. "पोचले."

"बरं. जेवा मग."

फोन बंद झाला. शिवगंगाबाईंनी तो तसाच कानाला धरून ठेवला. मागच्या खोलीत मशीनचा बारीक आवाज चालू होता.