आम्ही बारा बाक होतो

मी एक जुना बाक आहे. चर्चमधला, दाराजवळचा. मित्रांनो, म्हातारे बाक आपली कहाणी सहसा हळव्या सुरात सांगतात. मला ते जमणार नाही. मी रागावलेलो आहे आणि माझा राग काही केल्या उतरत नाही.

आमचे चर्च उभे राहिले तेव्हा आत बसायला काही नव्हते. लोक जमिनीवर बसून उपासना करत. मंडळीतल्याच एका मिस्त्रीने जाड फळ्या निवडून आणल्या, चार महिने रंधा मारला आणि आम्हा बारा जणांना घडवले. आमच्यात एकही खिळा नाही. सगळे सांधे खाचांचे आणि खुंट्यांचे. मी शेवटचा, म्हणून मला दाराशी जागा मिळाली.

माझ्या कडेला सुईणबाई बसत. कधी बोलावणे येईल याचा नेम नसायचा. गाणे अर्धे सोडून, चपला हातात घेऊन त्या निघायच्या. समोर बसलेली निम्मी माणसे त्यांच्याच हातून जगात आली होती.

त्या वेळचे थोरले पाळक दर शनिवारी बाह्या सरसावून आम्हाला स्वतः पुसत. एखादा पाय हलला की लगेच मिस्त्रीला निरोप जाई. "बाक डुगडुगला की म्हातारी माणसं घरी बसतात," असे ते म्हणत. मिस्त्री येई, पाचर ठोके आणि एकदा स्वतः बसून बघे. बरोबर त्याची लेक असे. ती शाळेत जाण्याआधी लाकूड कोरायची पटाशी धरायला शिकली.

तीस वर्षे अशी गेली. थोरले पाळक थकले, निवृत्त झाले आणि नवे पाळक आले. बोलायला गोड, दिसायला टापटीप. त्यांनी पडदा आणला, ध्वनिवर्धक आणले, गादीच्या खुर्च्या आणल्या. आम्हाला मागच्या अंगणात उघड्यावर रचून ठेवायचे ठरले. मिस्त्री सभेत उभा राहून म्हणाला, "काढायचे तर काढा, पण निदान छपराखाली ठेवा. लाकूड आहे ते."

"बघू की," नवे पाळक म्हणाले.

तेवढ्यावर विषय संपला. आमच्यासमोर ज्यांची लग्ने लागली होती, त्यांच्यातल्या एकाच्याही तोंडातून शब्द फुटला नाही. दोन पावसाळे आम्ही अंगावर घेतले. मी ढिगात मधोमध होतो म्हणून वाचलो. अकरावा सगळ्यांत कडेला, पागोळ्यांखाली होता. त्याच्या पाठीत पाणी मुरू लागले. मिस्त्री एकदा ताडपत्री घेऊन आला, तर अंगण विद्रूप दिसते म्हणून पाळकांनी ती काढून टाकायला लावली.

मग महामारी आली. चर्च बंद झाले, ते करणे भागच होते. नवे पाळक दर रविवारी मोबाइलवरून सांगत, "आपण सगळे एक कुटुंब आहोत." त्यातल्याच एका आठवड्यात सुईणबाई गेल्या. लाकडाची दुकाने बंद. गावातल्या शवपेट्या संपलेल्या. मिस्त्रीची लेक तोंडाला फडके बांधून अंगणालगतच्या पाळकांच्या खिडकीखाली आली.

"साहेब, फळी कुठंच मिळत नाही. मागचे बाक द्या. बाबा पेटी करतील."

"ती चर्चची मालमत्ता आहे," ते आतून म्हणाले. "समिती बसू दे, ठराव होऊ दे."

"समिती कधी बसणार?"

"सगळं सुरू झालं की."

"बाई घरात पडल्यात साहेब. त्या थांबतील, त्यांना आता काय. आमच्याच्यानं बघवत नाही."

खिडकी लागली. वर आतून कडीही घातली गेली. ते घाबरले होते. त्या दिवसांत सगळेच घाबरले होते, त्याचा मला राग नाही. पण घाबरलेल्या माणसाला निदान फाटकाची किल्ली तरी बाहेर टाकता येते.

लेक घरी गेली, पहार घेऊन आली आणि भर दुपारी तिने मागच्या फाटकाचे कुलूप तोडले. समोरच्या घरातला शिंपी माडीच्या खिडकीतून बघत राहिला. सत्तरीचा मिस्त्री आत आला, आमच्यावरून हात फिरवला आणि पहिल्या बाकाच्या खुंट्या एकेक करून सोडवल्या. त्याने करवत फार थोडी चालवली. दोन बाकांत एक पेटी होई. महिनाभरात दहा बाक गेले, पाच पेट्या झाल्या. पाच माणसे माणसासारखी मातीत गेली. मित्रांनो, माझे भाऊ गेले म्हणून मी रडलो नाही. मला त्यांचा हेवा वाटला.

सहावा गेला तो मिस्त्री स्वतः.

लेक एकटीच आली. तिने आधी अकराव्याला हात घातला. खुंटी काढताच त्याची पाठ तिच्या हातात भुगा होऊन आली. आत सगळे कुजले होते. मग ती माझ्याजवळ आली, टेप लावला, परत लावला, तिसऱ्यांदा लावला. एका बाकात पेटी होत नाही. ती माझ्यावर बसली आणि मग उठून गेली. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांसाठी लाकूड तासले, तो प्लास्टिकमध्ये गुंडाळून पुरला गेला.

दोन वर्षांनी चर्चच्या इतिहासाची पुस्तिका छापली. ती उपासनेत वाचून दाखवली. मला तेव्हा शोभेसाठी आत आणून ठेवले होते. त्यात लिहिले होते, "महामारीत पाळकांच्या मार्गदर्शनाखाली मंडळीने जुने बाक उदारपणे दान केले."

मिस्त्रीची लेक उभी राहिली. आवाज न चढवता ती म्हणाली, "कुणी दान केलं नाही. मी कुलूप तोडलं. अकरावा बाक छपराखाली असता तर माझ्या बापाला पेटी मिळाली असती. हेही लिहा."

मग शिंपी उठला. "मी बघत होतो," तो म्हणाला. "खाली उतरलो नाही."

पाळक म्हणाले, पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती करू. पुढची आवृत्ती निघाली नाही. त्यांची बदली झाली आणि पुस्तिका घरोघरी आहे तशीच आहे.

आता माझ्याभोवती दोरी लावली आहे, कुणी बसू नये म्हणून. मित्रांनो, हा मान मला नको. माझ्याकडे बघून हळहळू नका. तुमच्या घरामागे, शाळेमागे, देवळामागे काहीतरी चांगले आणि भक्कम असे उघड्यावर भिजत पडले असेल. "बघू की" म्हणू नका. ते आजच आत घ्या. आणि ही दोरी सोडा. माझे पाय अजून हललेले नाहीत. दाराशी एक म्हातारी केव्हाची उभी आहे, तिला बसू द्या.