पुढच्या दारातला पंखा

मंगळवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी डीलिया गिलरेनच्या घराचं पुढचं दार उघडलं. नऊ वर्षांत पहिल्यांदाच. मागच्या वेळी ते उघडलं होतं तेव्हा तिच्या नवऱ्याची शवपेटी त्यातून बाहेर गेली होती. एरवी लायट्रिम परगण्यातल्या त्या टेकड्यांत माणसं मागच्या दाराने येतात, न ठोठावता, बोलत बोलतच. पुढचं दार पाद्रीबाबांसाठी आणि मयतासाठी.

या वेळी ते ग्रॉन्यासाठी उघडलं. ग्रॉन्या स्लायगोहून काळी व्हॅन घेऊन आली होती. घरातून किती हवा निसटते ते मोजणं हा तिचा धंदा. तिने दाराच्या चौकटीत काळं कापड ताणून बसवलं, कापडाच्या मधोमध मोठा पंखा लावला आणि म्हणाली, "मिसेस गिलरेन, चूल विझलीय ना पूर्ण?"

"काल रात्रीच विझवली. राखसुद्धा काढली," डीलिया म्हणाली. "सासूबाई असत्या तर मला घराबाहेर काढलं असतं. त्यांच्या हयातीत ही चूल एकदाही थंड झाली नव्हती."

"राख राहिली असती तर पंख्याने ती सगळ्या घरभर पसरवली असती."

"म्हणून तर काढली, पोरी."

गेल्या वर्षी सरकारी अनुदानातून डीलियाच्या भिंतींच्या पोकळीत थर्माकोलचे मणी भरले गेले होते आणि माळ्यावर लोकरीची जाड गादी अंथरली गेली होती. आता राहिलं होतं शेवटचं आणि सगळ्यांत मोठं काम: टर्फची, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीवर पेटणारी चूल आणि धुराडं जाऊन उष्णता देणारा विजेचा पंप. त्याचं अनुदान गळक्या घराला मिळत नाही. ग्रॉन्याच्या यंत्रावर गळतीचा आकडा पाच किंवा त्याहून कमी यायला हवा होता.

डीलियाचं त्या आकड्यावर बरंच काही अडकलं होतं. फेब्रुवारीत छाती भरून तीन आठवडे अंथरुणात काढले, तेव्हा कोर्कच्या लेकीला, ऊनाला, तिने फोनवर शब्द दिला होता. पंपाला मंजुरी मिळाली नाही तर ऑक्टोबरात घराला कुलूप लावून ती कोर्कला जाईल. ऊनाने तिच्यासाठी मागची खोली रंगवूनही ठेवली होती. खिडकीतून शेजाऱ्याचं गॅरेज दिसायचं. डीलियाला शहात्तरावं चालू होतं आणि दिलेला शब्द फिरवायची सवय तिला नव्हती.

"आता पाऊण तास एकही दार, एकही खिडकी उघडायची नाही," ग्रॉन्या म्हणाली. "मध्येच उघडलं तर पहिल्यापासून करावं लागतं. कुणी येणार नाही ना?"

"मंगळवारी कोण येतंय?" डीलिया म्हणाली.

पंखा सुरू झाला. स्वयंपाकघराचे पडदे आतल्या बाजूला फुगले.

समोरच्या उतारावर शेजारचा पॅकी मॅकटर्नन मेंढ्या मोजत होता. त्याने सवयीने डीलियाच्या धुराड्याकडे पाहिलं. धूर नव्हता. मग त्याने दाराकडे पाहिलं. पुढचं दार सताड उघडं आणि त्यात काहीतरी काळं लटकावलेलं. मग त्याला काळी व्हॅन दिसली. पॅकीने टोपी काढली, छातीवर क्रूसाची खूण केली आणि टेस कीनीला फोन लावला. टेसला कळलं म्हणजे सगळ्यांना कळलं.

अकराला सात मिनिटं कमी असताना मागचं दार उघडलं. पंख्याचा आवाज एकदम चढला आणि ग्रॉन्याच्या यंत्रावरची रेघ कोसळली. दारात टेस उभी होती. एका हातावर अंड्याच्या सँडविचचं ताट, दुसऱ्यावर सफरचंदाचा टार्ट, डोळे रडून लाल.

"टेस," टेबलाशी बसलेली डीलिया म्हणाली, "दार लाव."

टेसने तिच्याकडे नीट पाहून घेतलं. मग ताट खाली ठेवलं.

"मी अंडी उकडली," ती म्हणाली. "बारा."

"कशाला?"

"तू गेलीस म्हणून. मयताच्या घरी रिकाम्या हाताने कसं यायचं?"

दार लागलं. ग्रॉन्याने चाचणी पहिल्यापासून सुरू केली. अकरा वाजून पाच मिनिटांनी दार पुन्हा उघडलं. या वेळी पॅकी होता, लग्नाच्या सुटात, केसांना पाणी लावून. त्याने समोर जी अनोळखी तरुण बाई दिसली तिचा हात दोन्ही हातांत धरला.

"फार वाईट झालं बघा. तुम्ही ऊनाची लेक ना? आजी मोठ्या मनाची बाई होती. जिभेने जरा कडक, पण मनाची मोठी."

"जिभेने कोण?" त्याच्या पाठीमागून डीलियाने विचारलं.

पॅकी वळला. त्याने ग्रॉन्याचा हात सोडला.

"तू आहेस होय," तो म्हणाला.

"आहे. दार लाव आणि बस. आता इथून कुणी हलायचं नाही. माझा ऑक्टोबर ठरतोय त्या यंत्रात." आणि तिने दोघांना कोर्कच्या खोलीसकट सगळं सांगितलं.

टेस उठली, मागच्या दाराला आतून पाठ लावून उभी राहिली. नंतर तीन वेळा बाहेरून दार ढकललं गेलं, आणि तिन्ही वेळा टेसने आतूनच ओरडून सांगितलं की मयत जिवंत आहे, घरी जा, टार्ट तेवढा पायरीवर ठेवा.

अकरा पन्नासला आकडा आला. पाच पूर्णांक चार.

डीलियाने टेबलावरचा चमचा उगाचच सरळ केला. ग्रॉन्या म्हणाली, "अजून वेळ आहे. गळती कुठे आहे ते शोधू. पंखा चालूच ठेवते. गार वारा लागेल तिथे सांगा."

मयताला आलेली टेस घरभर भिंती चाचपत फिरू लागली. तिला न्हाणीघराच्या पाइपाशी थोडा वारा लागला. पॅकी मात्र कुठेच गेला नाही. भांड्यांच्या मोठ्या कपाटाशी उभा राहून तो आपल्या बुटांकडे बघत होता.

"काय रे?" डीलियाने विचारलं.

"इथे भोक आहे," पॅकी म्हणाला. "कपाटामागे. टीव्हीची वायर आत घ्यायला मीच पाडलं होतं. मुठीएवढं झालं. जागाही चुकली. मग दुसरं पाडलं आणि यावर कपाट सरकवलं."

"कधी?"

"फुटबॉलचा विश्वचषक होता. नव्वद सालचा."

"पॅकी मॅकटर्नन, मी चौतीस वर्षं त्या कपाटाशेजारच्या खुर्चीवर बसून गुडघ्याला लोकरीचं फडकं बांधतेय. डॉक्टर म्हणतो वय झालं."

"वयही झालंच आहे," पॅकी म्हणाला.

तो टेप आणायला निघाला, पण ग्रॉन्याने मान हलवली. टेप चालत नाही. जे बुजवायचं ते कायमचं. मग पंखा बंद करून दार उघडलं गेलं, पॅकीने ट्रॅक्टरमधून पटकन घट्ट होणारं सिमेंट आणलं आणि सुटाच्या बाह्या दुमडून कपाट सरकवून भोक आतून-बाहेरून बुजवलं. ते वाळेपर्यंत सगळ्यांनी बाराच्या बारा अंड्यांची सँडविचं संपवली. ग्रॉन्याने तीन खाल्ली. चहा विजेच्या किटलीत झाला आणि टेसने त्याला नावं ठेवली.

दोन वाजून चाळीस मिनिटांनी दुसरा आकडा आला. पाच पूर्णांक शून्य.

"पाच चालतं ना?" पॅकीने लगेच विचारलं.

"चालतं," ग्रॉन्या म्हणाली. "पण हा आकडा घराच्या मापावर काढलेला आहे. मागची मोरी मी घरातच धरलीय. अनुदानाच्या ऑफिसने ती घराबाहेर धरली तर माप घटेल आणि आकडा थोडा वर जाईल. मी लिहून देते की ती आतच आहे. ठरवणार ते."

"मोरीत मी पन्नास वर्षं बटाटे सोललेत," डीलिया म्हणाली. "ती घरात नाही तर कुठे आहे?"

"हे वाक्यही लिहू का?"

"लिही. सही करते."

तिने सही केली. ग्रॉन्याने पंखा उतरवला, कापडाची घडी केली आणि तीन वाजून दहा मिनिटांनी पुढचं दार लावलं.

बुधवारी आणि गुरुवारी काही कळलं नाही. शुक्रवारी दुपारी चार वाजता डीलियाने स्वतः अनुदानाच्या ऑफिसला फोन केला. फाइल तपासनिसाच्या टेबलावर आहे, मोरीचा नकाशा मागवला आहे, निर्णय पुढच्या आठवड्यात, असं पलीकडच्या मुलाने सांगितलं. निर्णय कळेपर्यंत आईजवळ राहायला ऊना रविवारी दुपारच्या गाडीने येणार होती.