बाईंचा हुंकार

मित्रांनो, टेबलावरच्या या लोकरी टोपीला हसू नका. टोपीखाली मी आहे, एक जुना रेकॉर्डर. टोपी म्हणजे खरं तर तान्ह्या बाळाचा मोजा. माझ्या माइकवरचा मूळचा स्पंज हरवला, तेव्हा भाषेच्या बाईंनी आपल्या लेकीचा जुना मोजा घरून आणला आणि मला चढवला. तेव्हापासून वर्गात माझं नाव पडलं, टोपीकाका.

कारखान्यातून मी निघालो तो सभांमधली भाषणं टिपायला. बाईंनी मात्र मला मुलांच्या हाती दिलं. मुलं पॉडकास्ट करू लागली. कुणी किल्ल्या बनवणाऱ्याची मुलाखत घेई, कुणी आपली मांजर का रुसते ते सांगे. बाईंचा नियम एकच होता, "भाग तुमचा आहे. मध्ये माझा आवाज आला तर कापून टाका."

"बाई, आज पुन्हा कात्रीत सापडलात!" मुलं ओरडत, आणि बाई सगळ्यांत जास्त हसत.

मग एका मुलीची पाळी आली, जिला सगळे पुटपुटी म्हणत. ती इतकं हळू बोले, की मलाही कान टवकारावे लागत.

"काय गं, टोपीकाकांना गुपित सांगतेस का?" मुलांनी चिडवलं.

बाई तिच्यासमोर जाऊन बसल्या. तिच्या प्रत्येक वाक्याला नुसत्या "हं" म्हणत राहिल्या. "हं... मग?" हरवलेल्या कासवाची गोष्ट पुटपुटीनं शेवटपर्यंत सांगितली. मुलं ते 'हं' कापायला बसली, तशी ती म्हणाली, "नको ना! 'हं' काढला की माझी गोष्ट पुढंच जात नाही."

तो एक भाग तसाच राहिला.

पुढे बाई आजारी पडल्या, त्यातून उठल्याच नाहीत, आणि मी कपाटात गेलो. माझे सेल काढून ठेवायचं कुणाला सुचलं नाही. ते पाझरले. पोटात पांढरी पूड साचली आणि तिच्याशेजारी मुलांचे सगळे आवाज.

एका दुपारी बाईंची लेक शाळेत आली. "आईचा आवाज कुठं आहे का हो? घरी नुसते फोटोच आहेत."

नव्या सरांनी जुन्या ब्रशनं ती पूड खरवडली, नवे सेल घातले. मी जागा झालो. एकेक भाग लावून पाहिला, पण बाई कशातच नव्हत्या. मुलांनी नियम चोख पाळला होता. सरांचा चेहरा पडला.

"सर, माझा कासवाचा लावा ना," दारातून पुटपुटी म्हणाली. चक्क मोठ्यानं.

"हं," बाई म्हणाल्या. "हं... मग?"

लेक मोजा मुठीत धरून ऐकत होती. "घरीही अशीच करायची. भाजी चिरता चिरता. मला वाटायचं, हिचं लक्षच नाही."

"असायचं की, ताई," पुटपुटी म्हणाली. "त्याशिवाय का 'मग' विचारायच्या?"

निघताना लेकीनं मोजा मला नीट चढवला, कानाखाली ओढून. मग हळूच बटण दाबलं.

"आई, आज ना..." ती म्हणाली, आणि थांबली.

मित्रांनो, मला हुंकार देता येत नाही. माझा नुसता लाल दिवा लागतो. तुम्हाला येतो. समोरचं माणूस बोलता बोलता थांबलं, की तेवढा द्या.