मागची सीट

मटारची पिशवी काढायला सिस्टरने फ्रीझरमध्ये हात घातला, तर हाताला लोखंड लागलं. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली दोन बेअरिंगं, पिशवीला आतून-बाहेरून काळं ग्रीस आणि ग्रीसला चिकटलेले मटार. ती पिशवी दोन बोटांत धरून तिने अंगापासून लांब नेली आणि व्हरांड्याच्या दारात जाऊन उभी राहिली.

"अहो, हे काय आहे?"

"आण, आण. वेळेवर आणलंस." तिचा नवरा, टर्नर, मोटारसायकलच्या चासीच्या पुढच्या नळीला शेक देत बसला होता. "लोखंड थंडीनं आकसतं. इकडं नळी तापवायची, तिकडं बेअरिंग गार करायचं. मग बघ कसं बाळासारखं आत जाऊन बसतं."

"बाळाला ग्रीस फासून मटारात झोपवत नाहीत."

"धुऊन घे की मटार."

"तुम्ही धुवा, तुम्हीच शिजवा आणि तुम्हीच खा."

टर्नर हसला. त्याने बेअरिंग पिशवीतून काढलं, नळीत ठेवलं, वर लाकडी ठोकळा धरून हातोडीचा एक हलका ठोका दिला, आणि खरोखरच ते आत जाऊन बसलं. "बघ सिस्टर!" तो म्हणाला. सिस्टर आपल्या बोटांना लागलेल्या काळ्याकडे बघत होती.

नवऱ्याने बायकोला सिस्टर म्हणावं हा त्या घरातला जुना विनोद होता. लेथवर बोटाचं टोक गेलं तेव्हा टर्नर दवाखान्यात आला होता आणि पट्टी बांधणाऱ्या नर्सला त्याने जी हाक मारली, ती लग्नानंतरही सुटली नाही. सासूबाई होत्या तोवर कपाळाला हात लावायच्या. पुढे त्यांनीही सुनेला सिस्टर म्हणायला सुरुवात केली.

सर्जिकल वॉर्डात उभी हयात गेलेल्या बाईला घाणीचं वावडं नसतं. पू, रक्त, ओकारी, आठवडाभर न सोडलेली पट्टी, यातल्या कशानेही सिस्टरच्या नाकाला कधी सुरकुती पडली नव्हती. नव्या मुली तोंड फिरवायच्या तेव्हा ती म्हणायची, "माणसाचं आहे ते. दगडाचं नाही." पण या गाडीने तिला ओकारी आणली होती. न्हाणीघरातल्या बादलीत साखळी भिजत असे. साबणाच्या वडीत लोखंडाचा कीस रुतून बसे. एकदा तोंड धुताना गालावर ओरखडा उठला. चादरींना पेट्रोलचा वास, फ्रीजच्या दारावर अंगठ्यांचे काळे ठसे, आणि तिच्या चांगल्या टॉवेलने पुसलेला सायलेन्सर.

कारखाना बंद झाल्यावर टर्नर वर्षभर खुर्चीत बसून होता. मग फोनवर त्याने एक फोटो पाहिला. कुणीतरी जुन्या मोटारसायकलची टाकी आणि चासी ठेवून बाकी सगळं आजचं बसवलं होतं. तो खुर्चीतून उठला तो व्हरांड्यात गेला. लग्नाच्या वर्षी घेतलेली गाडी त्याने खोलली. तिच्यात इंजेक्टरवर चालणारं नवं इंजिन, पुढे दुसऱ्या गाडीचे जाड शॉक अब्सॉर्बर, डिस्क ब्रेक, पांढरा झगझगीत दिवा. एकमेकांशी न जुळणाऱ्या भागांमध्ये घालायच्या कड्या तो मित्राच्या लेथवर स्वतः कातून आणायचा. कापायचं-जोडायचं काम ठिणगी नावाने ओळखला जाणारा वेल्डर करायचा. गॉगल डोक्यावर ठेवून तोच घरभर शोधत फिरायचा.

मुलीचा फोन यायचा तेव्हा सिस्टर तक्रार करायची.

"आई, त्यांना छंद आहे गं. बाकीच्यांचे बाबा दिवसभर टीव्हीपुढे असतात."

"हा छंद नाही, म्हातारचळ आहे."

"मग बंद करायला सांग."

त्यावर सिस्टर दुसरंच काही विचारायची. बंद करायला तिने कधीच सांगितलं नव्हतं. गाडी खोलली त्या दिवशी, पहिला नट हातात घेऊन टर्नर म्हणाला होता, "तुझ्या शेवटच्या ड्युटीला हिच्यावरनंच सोडणार तुला. नवीकोरी. गेटपर्यंत." त्या एका वाक्यावर तिने बादली सोसली, टॉवेल सोसला, साबणाची वडी फेकून दुसरी काढली. लग्नानंतरच्या पहिल्या ड्युटीपासून ती त्याच्या मागे बसून दवाखान्यात गेली होती. दिवसपाळी, रात्रपाळी, पोट पुढे आलेलं असताना, त्याच्याशी अबोला असतानाही. बांधणीच्या दिवसांत ती बसने जात होती आणि वॉर्डात सांगत होती, "निवृत्तीच्या दिवशी बघा. गाडीवरून येणार." मुलींनी ते उचलून धरलं. त्या दिवशी सगळ्या गेटवर उभ्या राहणार होत्या.

निवृत्तीच्या आदल्या दिवशी दुपारी ती ड्युटीवरून आली, तेव्हा टर्नर आणि ठिणगी व्हरांड्याच्या पायरीवर नव्या नवरदेवासारखे बसले होते. मागे गाडी उभी होती.

गाडी सुंदर होती, हे सिस्टरलाही नाकारता आलं नाही. टाकी जुनीच, पण आरशासारखी. वायर कुठे दिसत नव्हती. तिने टाकीवरून हात फिरवला आणि तो मागे नेत गेली. सीट लवकर संपली. पूर्वी जिथे ती बसायची, तिथून चासी कापून टाकलेली होती आणि कापलेल्या टोकांना एक गोल कमान जोडली होती. कमानीवर एका माणसापुरती चामड्याची सीट. तिच्या शेवटाला वर उचललेलं एक कुबड. त्याच्या मागे थेट टायर.

"मी कुठे बसायचं?" तिने विचारलं.

टर्नरने सीटकडे पाहिलं. मग तिच्याकडे. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहून ठिणगी घाईने बोलला, "मी विचारलं होतं हां वहिनी. दादा, मागचं उडवू ना, म्हणून. हे म्हणाले, उडव."

"फोटोत तशीच आहे अगं," टर्नर म्हणाला. "या ढंगाच्या गाडीला मागं काही ठेवत नाहीत. सगळी शान जाते."

"फोटोतल्या माणसाला बायको नाही."

"अगं, मुद्दाम का केलं मी? डोक्यातच आलं नाही. कामाच्या नादात..." आणि तो हसला. शाळेतल्या पोराने दौत सांडल्यावर हसावं तसं, स्वतःवरच खूश. "चक्क विसरलो बघ सिस्टर!"

मुद्दाम केलं असतं तर ती भांडली असती. घर डोक्यावर घेतलं असतं. पण इंचाइंचाला माप घेणारा, केसाएवढा फरक पडला तर कडी फेकून नवी कातणारा हा माणूस. त्याने तिच्या जागेवर खडूची रेघ मारली, करवत चालताना समोर उभा राहिला, आणि त्याला ती आठवली नाही. सिस्टर गाडीपासून मागे सरली. चामड्याचा नवा वास, पॉलिशचा वास, आणि त्या दोघांचा घाम. तिने हात युनिफॉर्मला पुसला आणि पुसल्यावरही तो तिला चिकट वाटत राहिला.

"उशी बांधू या," टर्नर म्हणाला. "उद्यापुरती. पट्ट्यानं आवळून. सावकाश नेतो."

"दादा, त्या कुबडावर माणूस बसत नसतो," ठिणगी म्हणाला. "पत्रा आहे नुसता. पहिल्या खड्ड्यात टायरला टेकेल. वहिनींचं हाड मोडलं तर माझं नाव पुढं येईल."

"मग असं करू." टर्नरचा चेहरा पुन्हा उजळला. "तू टॅक्सीनं पुढं हो. मी मागोमाग येतो. गेटवर दोघं एकदम पोचू. म्हणजे गाडी सगळ्यांना दिसेल."

ठिणगीने डोक्यावरचा गॉगल खाली ओढून डोळ्यांवर घेतला.

"काय झालं? वाईट सांगितलं का?" टर्नर विचारत राहिला.

सिस्टर आत गेली. नळाखाली कोपरापर्यंत हात धुतले, ऑपरेशनच्या आधी धुतात तसे, नखांच्या कडांसकट. बाहेर टर्नर ठिणगीला सांगत होता, "होईल शांत. दमलीय ती." रात्री जेवण त्याने एकट्याने वाढून घेतलं.

सकाळी तो टाकीला फडकं मारत होता तेव्हा ती मागच्या दाराने निघाली आणि बस धरली. उजव्या बाजूची खिडकी मिळाली. गाडीवर ती नेहमी एका अंगाला पाय सोडून बसायची, तोंड डावीकडे. बसमध्येही सवयीने तीच बाजू धरायची. हा रस्ता एकेरी, परतीचा वेगळा; आज पहिल्यांदा तिला त्याची दुसरी कड दिसत होती. एक शिंपी दुकान उघडत होता. पुढे शाळा होती, बरीच जुनी दिसत होती. इतकी वर्षं या रस्त्याने जाऊन इथे शाळा आहे हे तिला ठाऊक नव्हतं.

बसचा थांबा दवाखान्याच्या पलीकडे होता. ती रस्ता ओलांडून आली तेव्हा गेटवर वॉर्डातल्या मुली, दोन वॉर्डबॉय आणि स्वयंपाकघरातल्या बाया जमल्या होत्या. सगळ्यांच्या माना गाडी यायची त्या वळणाकडे. फोन वर धरलेले. सिस्टर त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली. कुणी वळलं नाही. वाट काढायला तिने समोरच्या मुलीच्या खांद्याला हात लावला.

"ढकलू नका हो मागून," ती मुलगी वळणावरची नजर न काढता म्हणाली. "आमच्या सिस्टर येणारेत."

सिस्टरने हात काढून घेतला. क्षणभर तीही वळणाकडे बघत राहिली. मग ती भिंतीच्या कडेने फिरून धोबीखान्याच्या दाराने आत गेली.

वॉर्ड रिकामा होता, म्हणजे कर्मचाऱ्यांपुरता. रोगी जागेवर होते. कोपऱ्यातल्या म्हाताऱ्याचा साखरेने सडलेला पाय पट्टी बदलण्याची वाट बघत होता. त्याचा मुलगा वास सहन न होऊन जिन्यात जाऊन बसला होता. सिस्टरने ट्रे लावला, हातमोजे घातले आणि पाय आपल्या मांडीशी घेतला. जुनी पट्टी मिठाच्या पाण्याने भिजवत, चिकटलेला पदर अलगद सोडवत ती वाकली. नाकाला सुरकुती नव्हती.

खाली इंजिनाचा आवाज आला. गुळगुळीत, दमदार, कुठेही न अडखळणारा. गेटशी येऊन तो थांबला. पाठोपाठ टाळ्या वाजल्या, कुणीतरी शिट्टी मारली, "काका, एक फोटो!" असा गलका उठला.

म्हाताऱ्याने मान उंचावली. "काय झालं हो बाहेर?"

"मोटारसायकल आलीय कुणाची तरी," सिस्टर म्हणाली. "पाय हलवू नका."